रात्रीतून पांढरे झालेले दाणे

लाटेचा पाय टेकेना. मॉनिटरच्या पडद्यावर दर श्वासाला एक पिवळी लाट उठते, माथ्यावर जरा सपाट होते आणि खाली येऊन शून्याच्या रेषेवर बसते. पेशंट श्वास सोडते तेव्हा ती चढते, कारण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. श्वास घेते तेव्हा उतरते, कारण आत जाणाऱ्या हवेत तो नसला पाहिजे. इतकी वर्षं मी पेशंटच्या डोक्याशी बसते आहे, पण ही लाट कधी नीट बघितलीये असं म्हणता येणार नाही. आपल्या घरच्या जिन्याच्या पायऱ्या कुठे कोण बघतं? पाऊल चुकतं तेव्हाच पायरी दिसते. तशी ती मला दिसली. खाली आली, रेषेच्या जरा वर थांबली आणि तिथूनच पुन्हा चढू लागली. जशी एखादी बाई बसता बसता हाक आली म्हणून तशीच उठते. मी आधी माझे डोळे पुसले, मग चष्मा. लाट पुढच्या श्वासाला आणखी केसभर वर थांबली.

आम्ही कमी प्रवाहावर भूल देतो. म्हणजे ताजा वायू चिमूटभर सोडायचा, आणि पेशंटने टाकलेलाच श्वास नळ्यांतून फिरवून, धुऊन, परत तिलाच द्यायचा. धुण्याचं काम यंत्राच्या बाजूला लावलेल्या पारदर्शक डब्यातले चुन्याचे दाणे करतात. ताजे असतात तोवर पांढरे, कार्बन डायऑक्साइड पिऊन पिऊन थकले की जांभळे. जांभळा रंग वर चढत आला की डबा बदलायचा, एवढं साधं. बाबा म्हणायचे, “काटकसरीचा संसार आहे हा, ठकू. बाहेरून काही आणायचं नाही, घरातलंच फिरवून फिरवून वापरायचं. सगळी मदार त्या दाण्यांवर. ते बिचारे बोलत नाहीत.” बाबासुद्धा भूलतज्ज्ञच होते. मला हे काम त्यांनी शिकवलं, याच गावात, दुसऱ्या एका थिएटरात, मी त्यांच्या स्टुलामागे उभी राहून.

मी डब्याकडे बघितलं. पांढरा होता. तळापासून वरपर्यंत, धुतलेल्या तांदळासारखा. मग हात लावला. दाणे काम करत असतात तेव्हा डबा ऊन लागतो, तापलेल्या कपाळासारखा. हा थंड होता. मान वाकडी करून मागची, भिंतीकडची बाजू बघितली, तेव्हा तिथे एक जांभळट झाक वर येताना दिसली, जशी मार लागल्यावर दुसऱ्या दिवशी उठते. मी ताज्या वायूचा प्रवाह मोठा केला, म्हणजे तिला तिचाच श्वास परत घ्यावा लागणार नाही, आणि सिस्टरांना नवा डबा आणायला सांगितलं. आमच्या यंत्रात तो भूल चालू असतानाही बदलता येतो. दोन श्वासांच्या मध्ये खटकन काढला, खटकन बसवला. थोड्या वेळात लाट खाली येऊन नीट बसली. पेशंटला काहीही झालं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे जे आहे त्याचा तिच्याशी संबंध नाही. ती एक शाळेतली मास्तरीण होती, आतड्याचा एक तुकडा काढायचा होता, आणि झोपण्यापूर्वी मला म्हणाली होती, “उठवाल ना हो नक्की? मुलांच्या वह्या राहिल्यात तपासायच्या.”

“काय हो, तिकडे कसली खुडबुड?” मधल्या कापडी पडद्यापलीकडून सर्जननी विचारलं. मान वर न करता. त्यांना सगळ्या आवाजांचा हिशेब लागतो.

“काही नाही. दाणे संपले होते, बदलले.”

“सकाळी बघितले नव्हते का?”

“बघितले होते. पांढरे होते.”

सिस्टर हळूच म्हणाल्या, “काल संध्याकाळी अगदी जांभळे झाले होते म्हणे, मॅडम. बदलायचे राहून गेले. रात्रभर तसेच होते.”

“मग रात्रीतून पांढरे कसे झाले? फेशियल केलं काय कुणी?” सर्जन म्हणाले, आणि त्यांचे असिस्टंट आज्ञाधारकपणे हसले.

रात्रीतून पांढरे होतात. थकलेले दाणे नुसते पडून राहिले की त्यांचा रंग उतरतो. ताकद परत येत नाही, फक्त रंग जातो. सकाळी बघणाऱ्याला वाटतं, अरे वा, नवेच आहेत. मग काम सुरू झालं की थोडा वेळ ते पांढऱ्या चेहऱ्याने तग धरतात आणि आतून सोडून देतात. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मला तर त्याच्याही आधी शिकवलं होतं. “रंग रात्री झोप काढतो आणि सकाळी खोटं बोलतो. रंगावर जाऊ नकोस,” असं बाबा म्हणाले होते. आणि मी सकाळी आले, डब्याकडे एक नजर टाकली, पांढरा, ठीक, असं म्हणून पुढे गेले. का गेले? कारण आज माझं मन हलकं होतं. का हलकं होतं? इथवर आले आणि थबकले. “बघितले होते, पांढरे होते” हे शब्द माझ्या तोंडून आत्ताच निघाले होते आणि ते दाण्यांबद्दल होते, पण मी सकाळी आणखी कुणाकडे तरी असंच बघितलं होतं.

सकाळी बाबा खिडकीशी बसून पेपर वाचत होते. वाचत होते, नुसता धरला नव्हता. मधूनच एका बातमीला “गाढव आहेत लेकाचे” असं म्हणाले, तेही बरोबर जागी. दाढी स्वतः केलेली. शर्टाची बटणं जिथल्या तिथे. मी चहा ठेवला तर मला म्हणाले, “आज काय आहे तुझ्याकडे?” मी आतड्याचं सांगितलं. “वय? हृदय कसंय? कमी प्रवाहावर देणार?” असे नेमके तीन प्रश्न विचारले. मी उत्तरं देत होते आणि मला वाटत होतं, माझे बाबा कुठल्या तरी लांबच्या गावाहून परत आलेत, सामान अजून दारात आहे, आणि आता ते इथेच राहणार. दादाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात असतो, रोज सकाळीच करतो, कारण नंतर त्याला वेळ नसतो. दोघं हसून बोलले. दादा मला म्हणाला, “ठणठणीत आहेत की गं! तू उगाच काळजी करून स्वतःला आजारी पाडशील.” त्याचंही खरंच आहे. त्याने बाबांना गेल्या कित्येक महिन्यांत दुपारनंतर बघितलेलंच नाही.

दुपारनंतरचे बाबा मला एकटीलाच माहीत आहेत. जेवण झालं की त्यांच्या बोलण्यातला एकेक धागा निसटायला लागतो. आधी वार, मग माणसं, मग खोल्या. दिवेलागणीला ते उठतात आणि म्हणतात, “चला, थिएटरला उशीर झाला.” त्यांचं थिएटर केव्हाच पाडलं, तिथे आता गाड्या लावायची जागा आहे. एकदा ते तसे गेले होते. भर रस्त्याच्या मधोमध, गाड्यांना हात करून थांबवत, पायात माझ्या चपला. एका फळवाल्याने त्यांना हाताला धरून आपल्या गाडीशी बसवून ठेवलं म्हणून मिळाले. तेव्हा मी एक बाई ठेवली होती सोबतीला. बाबांनी एका संध्याकाळी तिला चोर ठरवलं, ती रडत गेली ती परत आली नाही. दादा म्हणाला, “बाई हवीच कशाला? सकाळी किती छान बोलतात माझ्याशी.” तेव्हापासून मी बाहेरून कुलूप लावून कामावर येते. समोरच्या काकूंकडे एक किल्ली असते. हे मी आणखी कुणाला सांगितलेलं नाही. देवाला सांगितलेलं आहे, रोज, पण त्याला आधीच माहीत असणार.

आणि आज निघताना मी कुलूप हातात घेतलं तर बाबांनी पेपर खाली ठेवला. “ठकू,” ते म्हणाले, “ते लावतेस ना, त्याचा आवाज मला आत ऐकू येतो.” मी कुलूप खाली केलं. “कपाटाला लावतात कुलूप. मी माणूस आहे ना अजून?” आवाज चढला नव्हता, रडवेलाही नव्हता. पूर्वी एखाद्या विद्यार्थ्याला त्याची चूक सांगावी तसे, अदबीने म्हणाले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. स्वच्छ होता. धुतलेला. कुठेही झाक नव्हती. मी कुलूप पिशवीत टाकलं आणि म्हणाले, “बरं, आज नाही लावत.” त्यांनी मान हलवली आणि पेपर उचलला. जिना उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी रस्त्यात उगाच एका कुत्र्याला ‘काय रे’ म्हटलं. त्याच हलकेपणाने थिएटरात आले, आणि त्याच डोळ्यांनी डब्याकडे बघितलं.

आता दुपार कलायला लागली होती. ऑपरेशन लांबलं होतं. आतून काहीतरी चिकटलेलं निघालं होतं आणि सर्जन ते सोडवत बसले होते, गुंता झालेली लोकर सोडवावी तसे. माझ्यासमोर एक बाई निजलेली. तिचा श्वास माझ्या हातात. डोक्याशी बसणारीने उठायचं नसतं, हा आमच्या कामाचा पहिला नियम आणि शेवटचाही. दुसरे भूलतज्ज्ञ शेजारच्या थिएटरात एका अपघातातल्या पेशंटजवळ अडकलेले, त्यांना हाक मारणं म्हणजे एकाचं मरण टाळायला दुसऱ्याचं ओढवणं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी सिस्टरांना जवळ बोलावलं.

“माझा फोन बाहेर पर्समध्ये आहे. समोरच्या काकूंना लावा. म्हणावं, बाबा घरात आहेत का बघा. नुसतं बघा.”

सिस्टरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. गेल्या. आल्या. “उचलत नाहीत मॅडम. मेसेज आलाय त्यांचा सकाळचा, मुलीबरोबर डोळे तपासायला चाललेय, संध्याकाळी येईन म्हणून.”

“दादाला लावा.”

या वेळी त्यांनी फोन आतच आणून माझ्या टोपीवरून कानाशी धरला. दादा म्हणाला, “काय गं, काय झालं?” मी म्हटलं, “मी आज कुलूप लावलं नाही.” तो म्हणाला, “कसलं कुलूप?” आणि मग मला दोन वाक्यांत, सर्जन आणि त्यांचे असिस्टंट आणि दोन सिस्टर ऐकत असताना, आपल्या जन्मदात्याला मी कोंडून येते हे सांगावं लागलं.  मग तो म्हणाला, “तू बाबांना कोंडतेस?” मी म्हटलं, “आज नाही कोंडलं, म्हणून तर फोन केला.” “अगं पण सकाळी तर…” मी म्हटलं, “दादा, सकाळचं मला सांगू नकोस.” इतक्या वर्षांत मी त्याच्यावर आवाज चढवला नव्हता आणि आताही तो चढला नाही, उलट बसला. सिस्टरांनी फोन काढून घेतला.  सर्जनची कात्री जरा भराभर चालू लागली, निदान मला तसं वाटलं. थोड्या वेळाने ते एवढंच म्हणाले, “माझी आई पाण्याचे नळ सोडून ठेवायची. सगळे.”

माझा एक रोजचा नेम आहे. पेशंट झोपला की त्याच्या सुरुवातीच्या श्वासांबरोबर मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचं. श्वास आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा. कुणाला कळत नाही, तोंडावर मास्क असतो. आज मी ते पुन्हा घ्यायला लागले, पण नाव आत जाईपर्यंत नाव राहायचं आणि बाहेर येताना रस्ता व्हायचा. रस्त्याच्या मधोमध बाबा. गाड्यांचे हॉर्न. पायात कुणाच्या तरी चपला. मग मी स्वतःला दटावलं की नाव घे, आणि पुन्हा घेतलं, आणि पुन्हा रस्ता. देवाशी सौदा करू नये हे मला कळतं. तरी मी केला. म्हटलं, मी उद्यापासून रोज कुलूप लावीन, ते काही म्हणाले तरी लावीन. आणि लगेच लाज वाटली, कारण देवाला द्यायला मी काय काढलं होतं? बाबांचीच कोठडी. मग म्हटलं, कधीच लावणार नाही. तेही खोटं. दोन्ही बाजूंनी दार माझ्याच अंगावर येत होतं. यंत्रावरची श्वासाची पिशवी भरत होती, रिकामी होत होती. मला आठवलं की ती सोबतीची बाई गेल्यापासून आमच्या घरात कुणीही बाहेरचं आलेलं नाही. तीच वाक्यं आम्ही दोघं एकमेकांना देतो आणि परत घेतो. थिएटरला उशीर झाला. आज सुट्टी आहे बाबा. सुट्टी कुणी दिली? तुम्हीच दिलीत. मी कशी देईन? रोज. मी ती वाक्यं रात्री झोपेत धुते बहुतेक, आणि सकाळी त्यांच्यासमोर पांढऱ्या चेहऱ्याने उभी राहते. तेही माझ्यासमोर तसेच उभे राहतात. कोण कुणाच्या रंगाला फसतं हे ठरवायला तिसरं माणूस नाही. दादा आहे, पण तो आमच्या सकाळीच बघतो.

टाके घालायला सुरुवात झाली तेव्हा थिएटरातल्या खिडकीच्या दुधी काचेवरचा उजेड पिवळा झाला होता. मी भूल हळूहळू उतरवली. घाई करता येत नाही. घाई केली की माणूस अर्ध्यात जागं होतं, घाबरतं, हातपाय झाडतं. त्याला कळत नाही आपण कुठे आहोत आणि हे कोण लोक आहेत. मी तिच्या कानाशी तिचं नाव घेतलं. पापणी हलली. पुन्हा घेतलं. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, ओळख नसलेलं बघणं, आणि मग सावकाश ओळख डोळ्यांत येऊन बसली. “वह्या…” ती म्हणाली. सिस्टर हसल्या. मी तिला रिकव्हरीतल्या लोकांच्या हवाली केलं, तिचे आकडे सांगितले, पुन्हा एकदा सांगितले, आणि मग पळाले. सर्जन दाराशी उभे होते, मास्क हनुवटीखाली. “जा, जा,” म्हणाले, “माझी गाडी घेऊन जा, ड्रायव्हर खाली आहे.”

गाडीत बसून मी प्रत्येक म्हाताऱ्याकडे बघत गेले. शहरात इतके म्हातारे असतात हे मला ठाऊक नव्हतं. एक बसथांब्यावर, एक औषधांच्या दुकानाच्या पायरीवर, एक नुसताच भिंतीला टेकून. त्यातला कुणीच माझा नव्हता आणि प्रत्येक वेळी मला सुटल्यासारखं वाटे आणि त्या सुटकेचीच भीती. ड्रायव्हर म्हणाला, “कुणी हरवलंय का मॅडम?” मी म्हटलं, “माहीत नाही.” त्याने आरशातून बघितलं आणि गाडी हळू केली, म्हणजे मला नीट बघता यावं. पाडलेल्या थिएटरच्या जागेपाशीही थांबवली मी. ओळीने उभ्या गाड्या, राखणदार मोबाइलवर काहीतरी बघतोय. “एक म्हातारे गृहस्थ आले होते का?” “इथे गाडी घेऊन येतात मॅडम, म्हातारे घेऊन कोण येतं?” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. “नाही आले कोणी.”

जिना चढले. दार लोटलेलं नव्हतं, लागलेलं होतं. मी किल्ली लावली, फिरवली. लॅच उघडलं, पण दार हलेना. जोर लावला. वरून धरलेलं होतं. आतून कडी. इतके महिने मी बाहेरून कोंडत आले आणि आतल्या कडीचा विचारच माझ्या डोक्यात कधी आला नव्हता, तिला कामच पडलं नव्हतं.  आहेत. घरात आहेत. मी दारावर हात ठेवून तशीच उभी राहिले आणि मग टकटक केलं.

“कोण आहे?” आतून आवाज आला. दिवेलागणीचा आवाज. जरा उंच, जरा परका, दरबारी.

“मी. ठकू. दार उघडा बाबा.”

पावलं आली आणि दाराच्या पलीकडे थांबली. “ठकू कामावर आहे,” ते म्हणाले.

“आले ना मी कामावरून.”

“तसं कुणीही म्हणेल.”

“बाबा, अहो माझा आवाज…”

“बाई, आवाज चढवू नका. ही सभ्य लोकांची वस्ती आहे.” मग जरा मवाळ होऊन, “तुमचं काय काम आहे तिच्याकडे?”

 मला ठाऊक होतं की आता मी मुलगी असल्याचा हट्ट धरला तर ते घाबरतील. चोर म्हणतील, आरडाओरडा करतील, खिडकीकडे जातील. त्या सोबतीच्या बाईचा रडवेला चेहरा मला आठवला. तिसऱ्या मजल्याची खिडकी आठवली. माणूस अर्ध्यात असताना त्याला ओढायचं नसतं. जिन्यावर काळोख होत होता आणि समोरच्या काकूंचं दार अजून बंद होतं.

“थोडं काम होतं,” मी म्हटलं. “कधी येतात त्या?”

“येईल इतक्यात. ऑपरेशन लांबलं असेल. लांबतात. आतड्याचं आहे आज.” मग समजावत, “ती डोक्याशी बसते ना, तिला मध्ये उठता येत नाही. लोकांना ते कळत नाही.”

“नाही कळत,” मी म्हटलं.

“तुम्हाला आत घेतलं असतं, पाणी दिलं असतं. पण घरात मी एकटा आहे आणि घर तिने माझ्यावर सोपवलंय. आजच सोपवलंय. आज पहिलाच दिवस आहे.” ते दाराच्या अगदी जवळ येऊन, कुणाला कळू नये अशा बेताने म्हणाले, “ती आल्यावर तिला दिसलं पाहिजे की सगळं जागच्या जागी आहे. नाहीतर उद्या पुन्हा…” पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. ते तो शोधत राहिले, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि तो शब्द माझ्या पिशवीत होता, पण मी दिला नाही.

मी पायरीवर बसले. पाठ दाराला टेकली.

“गेलात काय?” त्यांनी विचारलं.

“नाही. आहे.”

“मग बसा. उगाच उभ्या राहू नका. मीही इथेच आहे.” आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, फरशीवर खरखरत, दारापर्यंत. बसल्यावर त्यांच्या तोंडून नेहमी निघतं तसं “हुश्श” निघालं. “तिची वाट बघणं म्हणजे कठीण काम आहे, सांगून ठेवतो.”

“चालेल,” मी म्हटलं. “मीही तिचीच वाट बघतेय.”